उजव्या पंखाची टिचकी

१२ जानेवारी

आत्या,

नमस्कार. वाकलो आहे असं समज.

इंजिनांनी तुझे कान नेले. फोन केला की सगळं शेजाऱ्यांना कळतं आणि तुला काहीच नाही, म्हणून हे पत्र.

बातमी अशी की टेलिमेट्री विभागाचा प्रमुख आता मी आहे. ज्या खोलीत तू एकतीस वर्षं काढलीस ती या महिन्यात रिकामी होते आहे. तुझे आठही पट्टा-रेकॉर्डर भंगारात चालले. भंगारवाला त्यांच्याभोवती एक चक्कर मारून आला. मग म्हणाला, "एवढ्या लोखंडातून तुम्ही लिहीत काय होता?" मैलभर कागद, बोटांना शाई, आणि उड्डाणात काय घडलं ते दुसऱ्या दिवशी जमिनीवर पट्टे पसरून रांगत शोधायचं. आत्या, त्या काळाबद्दल मला आदर आहे, पण असा आदर दुरूनच बरा वाटतो.

काम मात्र तुझंच आहे. विमान वर असताना पंख किती वाकतो, किती थरथरतो, ते रेडिओने खाली आणायचं. तू चौसष्ट गोष्टी मोजायचीस. मी चार हजार मोजतो. त्यातच आपल्या वाट्याच्या निम्म्या रेडिओलहरी मोबाइलवाल्यांना देऊन टाकल्यात. म्हणजे सामान साठपट आणि गाडी निम्मी. म्हणून आता आकड्यांची पुडकी बांधून नेटवर्कवरून पाठवतो. जे बदललं तेवढंच खाली येतं, बाकीचं विमानातच नोंदवलं जातं.

एक अडचण आहे. चाचणीसाठी दिलेलं विमान तुझं जुनंच आहे, फक्त इंजिन नवं आणि दांडगं. डाव्या पंखाच्या वायरिंगचा नकाशा दप्तरात मिळाला. उजव्याचा नाही. जुने लोक म्हणतात, उजवा पंख तू स्वतः पुन्हा वायर केलास आणि त्याची नोंद फक्त तुझ्या निळ्या वहीत आहे. ती वही पाठवशील?

तुझा,
विभागप्रमुख (हसू नकोस)


२१ जानेवारी

स्क्रू,

आशीर्वाद देते आहे, पण मोजून.

प्रमुख झालास तरी मी तुला स्क्रूच म्हणणार. चार वर्षांचा असताना तू माझ्या रेडिओचा स्क्रू गिळलास. दोन दिवसांनी तो परत मिळाला, मी तो धुतला आणि जागच्या जागी बसवला. रेडिओ अजून चालतो. तुझी खात्री अजून पटायची आहे.

चार हजार मोजतोस, छान. बघतो कोण? आमच्याकडे चौसष्ट पेनं होती आणि समोर आठ माणसं. प्रत्येकाचा आपापल्या पेनांशी संसार होता. सतरा नंबर जरा जास्त हलला की त्याचा माणूस म्हणायचा, "याचं आज काहीतरी बिनसलंय." आणि बिनसलेलंच असायचं. तुमच्या चार हजारांपैकी एकाचं बिनसलं तर ते कोणाच्या लक्षात येणार?

दोन प्रश्न विचारते. उत्तरं दे, मग वहीचं बघू.

पहिला. वरून येणारा आकडा वाटेत हरवला तर तुझ्या पडद्यावर काय दिसतं? आमचं पेन वेड्यासारखं कागदभर उड्या मारायचं. आंधळ्यालाही कळायचं.

दुसरा. टिचकी कोण मारतो? विमान निघायच्या आधी आमचा मेकॅनिक दादा पंखाच्या टोकाशी जायचा आणि बोटाने टिचकी मारायचा. त्याची टिचकी म्हणजे इतरांची थप्पड. खोलीत त्या पंखाचं पेन उडायचं आणि पेनवाला फोनवर म्हणायचा, "मिळाली." डावा, उजवा, शेपूट. तीन वेळा 'मिळाली' ऐकल्याशिवाय विमान हलायचं नाही. फार जुनी पद्धत आहे.

वही माळ्यावर असावी. माझे गुडघे माळ्यावर जात नाहीत.

आत्या


८ फेब्रुवारी

आत्या,

उत्तरं दोन्ही देतो, पण कपाळाला हात लावू नकोस.

पहिलं. आकडा हरवला तर पडद्यावर काहीच बिघडत नाही. आधीचे आणि नंतरचे आकडे पाहून मधली रेघ यंत्रणा स्वतः पुरी करते. त्यासाठी दोन सेकंद राखून ठेवले आहेत. हे आमच्या साहेबांनी मुद्दाम करून घेतलं. पहिल्या प्रात्यक्षिकाला पाहुणे आले होते, तेव्हा रेघ मधेमधे तुटत होती. एकाने विचारलं, "हे बिघडलंय का?" साहेबांचा चेहरा पडला. दुसऱ्या आठवड्यापासून रेघ रेशमासारखी आहे.

दुसरं, टिचकी. पंखाला बोट लावून विचारायचं, बाई गं, जागी आहेस ना? आत्या, ते विमान आहे, पाळण्यातलं बाळ नाही. आमची यंत्रणा रोज सकाळी स्वतःची तपासणी स्वतःच करते आणि एक्केचाळीस पानांचा अहवाल देते. प्रत्येक वाहिनीपुढे हिरवा चौकोन. दादा निवृत्तीला आलाय, त्याला टायरच्या कोठारात बदली दिली. तिथे तो टायरना टिचक्या मारतो असं ऐकतो.

आणि वहीचं राहू दे. गुडघ्यांना त्रास नको. सॉफ्टवेअरवाल्यांनी तोडगा काढलाय, आता उजव्या पंखाचे चौकोनही हिरवे आहेत.

सहा मार्चला उद्घाटन आणि पहिली फ्लटर चाचणी एकाच दिवशी. साहेबांना दोन समारंभ परवडत नाहीत. विमान एक अनुभवी वैमानिक नेणार आहे.

स्क्रू


१५ फेब्रुवारी

स्क्रू,

'एक अनुभवी वैमानिक' म्हणे. त्या अनुभवी वैमानिकाशी तुझं लग्न झालंय. सूनबाईचं कार्ड मला मागच्याच आठवड्यात आलं. तिने दोन ओळींत सांगितलं ते तू दोन पत्रांत लपवलंस. बायकोचं नाव दडवायला तुला चार हजार वाहिन्या पुरल्या.

फ्लटर म्हणजे काय हे तुला मी शिकवलंय. तरी पुन्हा वाच. वेग वाढत जातो, पंख आधी नुसता कुरकुरतो, मग एका वेगाला त्याला स्वतःच्याच थरथरीची चटक लागते. तिथून तीन सेकंदांत तो स्वतःला उपटून टाकतो. खालच्या माणसाने रेघ पाहून "थांब" म्हणायचं, ते या तीन सेकंदांत. त्यातले दोन तू साहेबांच्या रेशमासाठी राखून ठेवलेस. उरलेल्या एकात तू काय करणार आहेस? घसा साफ?

मधली रेघ यंत्रणा पुरी करते म्हणजे काय रे? अंदाजपंचे. मोजलेली रेघ आणि मनची रेघ एकाच रंगात काढायची आणि त्याला प्रगती म्हणायचं. रिकामी जागा हीसुद्धा बातमी असते. तुम्ही ती बातमी खोडून तिथे 'सर्व कुशल' लिहिता. साहेबांना पाहुण्यांपुढे दाखवायला चित्र हवं होतं तर भिंतीवर टांगायचं, फुलांचं. ते कधी तुटत नाही आणि कोणाला पाडतही नाही.

तो 'तोडगा' काय आहे, एका वाक्यात लिही.

वही तुला नको असेल तर उत्तमच. माळाही सुटला आणि गुडघेही. पण टिचकी घे. तेवढं एक ऐक. बाकी तुमचा कारभार तुम्हाला लखलाभ.

आत्या


१० मार्च

आत्या,

तुम्हाला वाकून, बसून, जसा आवडेल तसा नमस्कार.

तुमच्या भाच्याने तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही हे मला माहीत आहे. ते पत्र त्याच्या शर्टाच्या खिशात होतं, धुवायला टाकताना मिळालं. वाचलं. माफी मागत नाही.

वाचून मी टायरच्या कोठारात गेले. दादा एका टायरवर बसून चहा पीत होता. विचारलं, "दादा, टिचकी ही खरंच फार जुनी पद्धत आहे का?" तो म्हणाला, "जुनी कसली. बाईंनीच सुरू केली. पहिली मी मारली." "का सुरू केली?" त्याने कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. काय सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे. मी घरी कोणाला बोललेले नाही. ते तुम्हीच बोलायचं.

सहा तारखेला मी दादाला बरोबर घेऊनच विमानाजवळ गेले. खुर्च्या मांडल्या होत्या, पाहुणे बसले होते, फीत बांधली होती. साहेब नव्या बुटांत. मी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर हेल्मेट मांडीवर घेऊन बसले आणि म्हटलं, आधी टिचकी.

साहेब म्हणाले, "मॅडम, एक्केचाळीस पानांचा अहवाल आहे. सगळा हिरवा."

"सर, तो अहवाल माझ्याबरोबर वर येणार आहे का?"

"तुमचे मिस्टर स्वतः खोलीत बसलेत."

"म्हणूनच विचारतेय."

शेवटी पाहुण्यांकडे पाहून साहेब हसले, जणू हाही कार्यक्रमाचाच भाग होता. दादा डाव्या पंखाशी गेला. मी हेडसेट कानाला लावला, दादाच्या कानालाही एक होता.

"डावा," दादा म्हणाला आणि टिचकी मारली.

दोन सेकंदांनी खोलीतून आवाज आला, "मिळाली. दोन्ही पंखांची मिळाली."

"मी डाव्यालाच मारली," दादा म्हणाला.



दादा चालत उजव्या पंखाशी गेला. "उजवा."

काही नाही.

"मार ना," तुमचा भाचा म्हणाला.

"मारली की."

"परत मार."

दादाने मारली. मग मूठ मारली. मग दोन्ही हातांनी पंखाचं टोक धरून पाय उचलले. टायर कोठाराचा एप्रन घालून तो माणूस पंखाला लोंबकळत होता आणि पाहुण्यांपैकी कोणीतरी टाळी वाजवली.

"आता?" दादा म्हणाला.

"आता काय?" तुमच्या भाच्याने विचारलं.

"मी लटकलोय, साहेब."

आत्या, माझ्या नवऱ्याचा आवाज मी अनेक तऱ्हांचा ऐकलाय. हा नव्हता ऐकला. तो म्हणाला, "तिला खाली घ्या. आज उड्डाण नाही. माझ्या नावावर लिहा."

तो तोडगा असा होता. उजव्या पंखाच्या वायरी कुठून कुठे जातात ते कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्या जोडल्याच नव्हत्या. प्रात्यक्षिकात रिकामे चौकोन दिसू नयेत म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांनी डाव्या पंखाचे आकडे उजवीकडे दाखवले. "दोन्ही पंख सारखेच असतात ना," असं त्यातला एक अजूनही म्हणतोय. प्रात्यक्षिकापुरतं होतं, मग काढायचं होतं. चौकोन हिरवे झाले आणि काढायचं कोणाला आठवलं नाही. रोजची तपासणी एवढंच बघते की चौकोनात काहीतरी आहे. ते कोणाचं आहे हे विचारत नाही.

तुमच्या भाच्याला ते प्रात्यक्षिकापुरतं माहीत होतं. पुढे याने विचारलं नाही. चार दिवस झाले, घरात कपाटाशी बोलावं तसा माझ्याशी बोलतो. साहेब म्हणतात, घोषणा झाली आहे, पंधरा दिवसांत उडवा, नाहीतर प्रमुख बदलू. याने सांगितलं, बदला, पण उजवा पंख जोडल्याशिवाय ती वर जाणार नाही.

वायरी ओळखायला वही लागते. वही तुमच्याकडे आहे. माळा तुमच्या घराला नाही, आत्या. मी तुमच्याकडे राहिलेय.

सूनबाई


१४ मार्च

स्क्रू,

सोबतच्या पुडक्यात निळी वही आहे. ती माळ्यावर नव्हती. ज्या टेबलावर मी तुला टोमणे लिहिले त्याच टेबलाच्या खणात होती. दर वेळी पेन काढताना हाताला लागायची.

तुझ्या साहेबांची मी यथेच्छ टिंगल केली. आता दुसऱ्या एका अडाण्याची करते. सव्वीस वर्षांपूर्वी तेव्हाचे साहेब माझ्या खोलीत आले आणि पेनांकडे बघून म्हणाले, "बाई, ही अशी झिंगल्यासारखी का लिहितात?" मी हुशार होते, तरुण होते, आणि साहेब पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलले होते. मी उजव्या पंखाच्या पेनांना गाळणी बसवली. बारीक थरथर गाळून टाकायची, मग पेन शहाण्यासारखं चालतं. साहेब खूश. मला प्रशस्तिपत्र मिळालं. चौकटीसकट.

तिसऱ्या उड्डाणाला पेन सरळ चाललं होतं आणि वर उजव्या पंखाची मागची पट्टी थरथरून निम्मी उपटली गेली. मी "थांब" म्हटलं नाही, कारण माझ्या कागदावर थांबण्यासारखं काही नव्हतं. वैमानिकाने दोन्ही हातांनी दांडा धरून विमान कसंबसं उतरवलं. तो थेट माझ्या खोलीत आला, तुटलेली बिजागरी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "बाई, हे तुमच्या कागदावर आलं का?" एवढंच. नंतर त्याच्या हातांचा कंप गेला नाही. त्याला पुन्हा विमान दिलं नाही. चौकशीने 'कारण अज्ञात' लिहिलं. कारण दुसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताच्या खोलीत, चौकटीतल्या प्रशस्तिपत्राखाली बसलं होतं.

मी त्याच दुपारी गाळणी काढली. दादाला घेऊन उजवा पंख नव्याने वायर केला. दप्तरी नकाशा दिला असता तर 'बदलाचे कारण' हा रकाना भरावा लागला असता. म्हणून नोंद माझ्या वहीत केली आणि टिचकी सुरू करून 'जुनी पद्धत आहे' असं सांगत सुटले. लोकांनी मान डोलावली. जुनी म्हटलं की कोणी कारण विचारत नाही.

म्हणजे हिशेब असा. तू मला वही मागितलीस, मी दिली नाही, म्हणून तुमच्या लोकांनी पंख बनवून टाकला. तुमचा पंख खोटा आणि माझा माळा खोटा. आणि या दोन खोट्यांच्या मधल्या सीटवर ती पोरगी बसणार होती.

पहिल्या पानावर त्या दिवसाचा पट्टा चिकटवलाय. इतकी सरळ रेघ मी आयुष्यात दुसरी ओढली नाही. साहेबांना दाखव, त्यांना आवडेल. बिजागरीही पाठवते आहे. वाटलं तर दप्तरी जमा कर, माझ्या नावासकट.

वैमानिक मागच्या वर्षी गेला. मी जाऊन भेटायचं म्हणत राहिले.

आत्या


२ मे

आत्या,

बिजागरी माझ्या पडद्याच्या वरच्या फळीवर आहे. साहेबांनी विचारलं, "हे काय?" म्हटलं, "सर, सल्लागार." पंधरा दिवसांची मुदत त्यांनी पुन्हा काढली नाही, प्रमुख अजून मीच आहे.

वहीच्या आधारे उजव्या पंखाचा नकाशा काढला आणि दप्तरी दिला. 'बदलाचे कारण' रकान्यात तुझी पाच ओळींची हकीकत लिहिली आहे. तुझं नाव आहे. माझंही खाली आहे, 'दुसरी घटना' म्हणून.

यंत्रणा उलगडून पुन्हा बांधली. नेटवर्क ठेवलं, चार हजारही ठेवले. ते मी सोडणार नाही, तू कितीही नाक मुरड. पण त्यातल्या चौसष्ट वाहिन्यांना वेगळी वाट दिली. त्या पुडक्यात बांधल्या जात नाहीत, रांगेत थांबत नाहीत, जशा निघतात तशा खाली येतात. त्यांच्यापुढे आठ माणसं बसतात. आकडा आला नाही तर पडद्यावर काळं भोक पडतं, ते कोणी भरत नाही. उशिरा आला तर करडा दिसतो, आणि किती उशीर झाला तेही शेजारी लिहिलेलं असतं. साहेबांना पडदा कुरूप वाटतो. मलाही वाटतो.

टिचकी आता कार्यपद्धतीत पहिल्या क्रमांकावर आहे. तिचं अधिकृत नाव 'अंत्यस्थ यांत्रिक उद्दीपनाद्वारे वाहिनी-अस्तित्व पडताळणी'. नाव साहेबांनी दिलं आणि परिषदेत त्यावर भाषणही केलं, 'आमच्या संस्थेने विकसित केलेली अभिनव प्रणाली' म्हणून. दादाला वेगळं ओळखपत्र मिळालंय. त्यावर 'उद्दीपक' लिहिलंय. तो ते उलटं घालतो.

एक गोष्ट तुला कळायलाच हवी. तुझ्या वहीत पान एकतीसवर सतरा आणि अठरा उलटे आहेत. टिचकीनेच सापडले. सव्वीस वर्षं खणात जपलेली वही, आणि त्यात चूक. मी दादाला सांगितलं, तो इतका हसला की त्याला टायरवर बसवावं लागलं.

अठ्ठावीस एप्रिलला उड्डाण झालं. पाहुणे नव्हते. डावा, मिळाली. उजवा, मिळाली. शेपूट, मिळाली. मग ती वर गेली. एकेक पायरी वेग वाढवत पाचव्या पायरीला पोचली, तेव्हा उजव्या पंखाचा सतरा, म्हणजे तुझा अठरा, कुरकुरायला लागला. त्याच्यासमोरचा माणूस म्हणाला, "याचं काहीतरी बिनसलंय." लगेच एक काळं भोक पडलं. जुन्या पडद्यावर तिथे रेशीम असतं आणि मी ते बघत बसलो असतो. मी "थांब" म्हटलं. ती थांबली. उतरल्यावर पंख उघडला तर बिजागरीच्या खिळ्याला चीर होती. नखाएवढी. फळीवरच्या सल्लागाराची सख्खी बहीण शोभेल अशी.

त्या दिवशी तिने हेल्मेट काढलं, कागदांवर सह्या केल्या, चहा घेतला, दादाशी वाद घातला, सगळ्यांशी बोलली. माझ्याशी नाही. घरी आल्यावर दार लावून घेतलं, माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या कपाळावर टिचकी मारली. जोरात. डोळ्यांत पाणी आलं.

मी म्हटलं, "मिळाली."

तुझा,
स्क्रू